ग्राझहून आबांना

ग्राझ, ऑस्ट्रिया

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत. आईच्या गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते दादाला सविस्तर कळवायला सांगा. आई फोनवर सगळं "बरं आहे" एवढंच सांगते.

परवा व्हिडिओ कॉलवर माझं बोलणं मधेच थांबवून तुम्ही विचारलंत, "मागच्या भिंतीवर तो उंच टोपीवाला शिपाई कोण?" उभी हयात पलटणीत काढलेल्या माणसाची नजर तिथेच जाणार. तो फोटो माझ्या घरमालकीणबाईंच्या आजोबांचा. बाई मूळच्या बोस्नियाच्या, प्रियेदोरजवळच्या एका गावच्या. १९९२ साली तिकडे लढाई पेटली तेव्हा लहान मुलांना घेऊन ऑस्ट्रियात आल्या आणि इथल्याच झाल्या. आजोबा ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या फौजेत, बोस्निया-हर्झेगोविनाच्या दोन नंबरच्या इन्फंट्री रेजिमेंटमध्ये शिपाई होते. ती रेजिमेंट पहिल्या महायुद्धाआधी अनेक वर्षं याच ग्राझ शहरात छावणीला होती. जुन्या शहरात एका गल्लीला तिचं नाव आहे : झ्वायरबोस्नियाकेनगासे, दोन नंबरच्या बोस्नियन रेजिमेंटची गल्ली. मी रोज तिच्यावरून जात होते आणि पाटी वाचूनही मला काही बोध होत नव्हता. आता बाईंशी बोलून आणि इथल्या ग्रंथालयात बसून जे समजलं ते तुम्हाला लिहिते आहे, कारण वाचताना पानोपानी मला तुमची आणि आपल्या गावची आठवण येत होती.

बोस्निया हा डोंगरांचा आणि नद्यांचा मुलूख. १४६३ साली तो तुर्कांनी जिंकला आणि पुढची चार शतकं त्यांच्याकडेच राहिला. तुर्कांच्या फौजेत बोस्नियाची माणसं दोन वाटांनी गेली. एक वाट सक्तीची : गावागावातून मुलगे उचलून इस्तंबूलला न्यायचे, मुसलमान करायचे आणि सुलतानाच्या चाकरीत वाढवायचे. व्हिशेग्रादजवळच्या सोकोलोविची गावातला असाच एक मुलगा पुढे मेहमेद पाशा सोकोलोविच म्हणून साम्राज्याचा वजीर-ए-आझम झाला. १५६५ ते १५७९ इतका काळ तीन सुलतानांच्या कारकिर्दीत त्याने कारभार पाहिला, आणि आपल्या मुलखात द्रिना नदीवर जो दगडी पूल बांधवला तो आजही उभा आहे. दुसरी वाट सरहद्दीची. १६९९च्या कार्लोवित्सच्या तहात तुर्कांनी हंगेरी गमावली आणि बोस्निया साम्राज्याच्या अगदी काठावर आला. गमावलेल्या मुलखातून हुसकले गेलेले मुसलमान बोस्नियात येऊन वसले. सरहद्दीवर गढ्या, त्या गढ्यांवर पिढीजात कप्तान, कप्तानाच्या हाताखाली आसपासच्या गावांची माणसं. हाक आली की शेत सोडून घोडा गाठायचा. तुम्हाला यात आपले मावळातले देशमुख दिसतील, मला तरी तेच दिसले.

या सरहद्दीच्या माणसांचं नाव युरोपात पहिल्यांदा दणदणीत ऐकू गेलं ते १७३७ साली. त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियाची फौज बोस्नियात घुसली आणि तिने बान्या लुका शहराला वेढा घातला. तुर्कांची मुख्य सेना दुसरीकडे रशियाशी लढत होती. बोस्नियाचे कितीतरी जवान त्याआधी इराणच्या लढायांत खपले होते. इस्तंबूलहून कुमक येण्याची आशा नव्हती. तेव्हा तिथला सुभेदार हेकिमोग्लू अली पाशा याने मुलखातलीच माणसं गोळा केली आणि ४ ऑगस्टला ऑस्ट्रियाच्या सेनापतीचा, हिल्डबुर्गहाउझेनचा, पराभव केला. साल लक्षात घ्या आबा, त्याच वर्षी आपल्याकडे चिमाजी आप्पांची वसईची मोहीम सुरू झाली होती.

मात्र "सुलतानाचे निष्ठावान सरहद्दरक्षक" ही त्यांची ख्याती पूर्ण खरी नाही. १८२६ साली सुलतानाने जानिसारी ही आपली जुनी खडी फौज मोडून युरोपीय धर्तीची नवी फौज उभारायला घेतली आणि बोस्नियाचे सरदार बिथरले. ग्रादाचाट्सचा तरुण कप्तान हुसेन ग्रादाश्चेविच याने १८३१ साली बंड करून बोस्नियाला स्वतःचा कारभार मागितला. लोक त्याला "बोस्नियाचा ड्रॅगन" म्हणत. त्याने चालून जाऊन कोसोवोत खुद्द वजीर-ए-आझमच्या फौजेला हरवलं. पुढच्या वर्षी बंड मोडलं, त्याला मुलूख सोडावा लागला आणि १८३४ साली इस्तंबूलमध्ये तो वारला. घरमालकीणबाईंना शाळेत हा माणूस फार ओझरता शिकवला होता. आता त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढतो.

मधेच एक गोष्ट सांगते, कारण ती मला चमत्कारिक वाटली आणि पुढे उपयोगी पडणार आहे. १७४५ साली प्रशियाच्या फ्रेडरिक राजाकडे भालाइतांची एक छोटी घोडदळ तुकडी दाखल झाली. तिला "बोस्नियाकेन" म्हणत. तुर्की वळणाचा पोशाख, हातात लांब भाला. तुकडी वाढत वाढत पूर्ण रेजिमेंट झाली, पण वाढली ती पोलिश, लिथुआनियन आणि तातार स्वारांच्या भरतीने. खरे बोस्नियाचे फार थोडे. म्हणजे प्रशियाला माणसं बोस्नियाची मिळाली नाहीत तरी चालणार होतं, नाव आणि पोशाख बोस्नियाचा असला की समोरच्याच्या छातीत धडकी भरायची. शूर म्हणून एकदा बोलबाला झाला की राजे लोक तो असा परस्पर वापरतात.

आता फोटोतल्या टोपीकडे येते.

१८७८ साली बर्लिनच्या तहात युरोपच्या मोठ्या सत्तांनी बोस्निया-हर्झेगोविनाचा ताबा ऑस्ट्रिया-हंगेरीला दिला. नाव सुलतानाचं, कारभार व्हिएन्नाचा. व्हिएन्नात समज असा होता की फौज वाजतगाजत आत जाईल. प्रत्यक्षात मुसलमान आणि बरेच ऑर्थोडॉक्स पंथाचे ख्रिस्ती सर्ब एकत्र येऊन गावोगाव लढले. साराजेव्होत १९ ऑगस्टला गल्लीगल्लीत झुंज झाली, तेव्हा कुठे जनरल फिलिपोविचच्या हाती शहर लागलं. सगळा मुलूख काबूत आणायला दीड लाखांहून जास्त फौज लागली. त्या वर्षी व्हिएन्नाच्या लेखी बोस्नियाचा माणूस म्हणजे रानटी, दरोडेखोर.

आणि तीनच वर्षांनी, १८८१च्या अखेरीस, याच माणसांना सम्राटाच्या फौजेत सक्तीने भरती करण्याचा कायदा निघाला.

लोकांना हे कसं वाटलं असेल? कागदोपत्री अजून सुलतानाची प्रजा, आणि शपथ मात्र ख्रिस्ती सम्राटाची. १८८२च्या जानेवारीत हर्झेगोविनाच्या डोंगरात उठाव झाला. मुसलमानांचा म्होरक्या सालिह फोर्ता आणि सर्बांचा स्तोयान कोवाचेविच बरोबरीने लढले. काही महिन्यांत उठाव चिरडला गेला. कित्येक मुसलमान कुटुंबं घरदार विकून तुर्कस्तानात निघून गेली. साराजेव्होचे मुफ्ती मुस्तफा हिल्मी हाजिओमेरोविच यांनी मुसलमानांनी हा कायदा पाळावा असं जाहीर केलं. त्याच वर्षी सम्राटाने त्यांना बोस्नियाच्या मुसलमानांचे पहिले रइस-उल-उलेमा, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, नेमलं. मुफ्तींनी दबावाखाली तसं केलं की लोकांचं रक्त वाचावं म्हणून केलं, यावर बाईंच्या घरात अजून दोन मतं आहेत. मला वाटतं दोन्ही कारणं खरी असावीत. गाव जळताना पाहिलेल्या माणसाला आपण इथे बसून काय नावं ठेवायची?

सुरुवातीला चार कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांच्या बटालियन झाल्या आणि १८९४ साली चार रेजिमेंटी. एक नंबर साराजेव्होची, दोन बान्या लुकाची, तीन तुझलाची, चार मोस्तारची. भरती तिथली, पण छावण्या दूर : एक नंबर व्हिएन्नाला, दोन ग्राझला, तीन बुडापेस्टला, चार त्रिएस्तला. यामागचा हिशोब तुम्हाला सांगायला नको. शिपाई आपल्या गावापासून लांब ठेवायचा, म्हणजे उद्या गावात काही पेटलं तर त्याच्या हातात बंदूक नको. शिवाय राजधानीच्या लोकांनाही रोज दिसायला हवं की बघा, सम्राटाने कोणाला माणसाळवलं आहे.

गणवेश मात्र विचार करून ठरवला होता. फिकट निळा कोट, गुडघ्यापर्यंत सैल विजार, डोक्यावर गोंड्याची लाल फेझ टोपी. मोर्चावर लाल रंग दुरून दिसतो म्हणून पुढे लढाईसाठी ती करडी केली. फोटोतली टोपी लाल आहे की करडी हे कळत नाही, फोटो काळापांढरा आहे. आणि एक गोष्ट इथल्या लोकांनाही ठाऊक नसते. ही टोपी फक्त मुसलमान शिपायाची नव्हती. १९१०च्या जनगणनेत बोस्नियात सुमारे ४३ टक्के ऑर्थोडॉक्स, ३२ टक्के मुसलमान आणि २३ टक्के कॅथलिक होते, आणि रेजिमेंटीत तिघेही असत. फेझ सगळ्या शिपायांच्या डोक्यावर. शपथ ज्याची त्याच्या धर्माप्रमाणे. मुसलमानांसाठी पलटणीत इमाम आणि वेगळी चूल, डुकराच्या मांसाचा स्पर्श नको म्हणून. तुमच्या पलटणींतले पंडित, मौलवी आणि ग्रंथी मला आठवले. ज्या साम्राज्याला परक्या धर्माच्या माणसांकडून लढून घ्यायचं असतं ते चुलीपर्यंत लक्ष घालतं.

१८९५ साली एदुआर्द वाग्नेस नावाच्या संगीतकाराने "बोस्नियाकेन येत आहेत" या अर्थाच्या नावाची एक लष्करी धून रचली. ऑस्ट्रियातली बँडपथकं ती आजही वाजवतात, मी स्वतः इथल्या चौकात ऐकली आहे. पाय आपोआप ठेका धरतात. १८७८ ला दरोडेखोर आणि १८९५ ला बँडच्या तालावर येणारे लाडके शूर शिपाई. सतरा वर्षं मधे गेली. डोंगर तेच, माणसं तीच, त्यांच्या आया त्याच. बदलली फक्त व्हिएन्नाची गरज.

महायुद्धात त्यांनी जे केलं ते मात्र कोणी बहाल केलेलं नाही, ते त्यांचं स्वतःचं आहे. दोन नंबरची रेजिमेंट आधी गॅलिशियात, म्हणजे आजच्या पोलंड-युक्रेनच्या भागात, रशियनांशी लढली, मग इटलीच्या मोर्चावर आली. १९१६ च्या उन्हाळ्यात आसियागोच्या पठारावर मेलेत्ता नावाच्या डोंगरावर इटालियन फौज पाय रोवून बसली होती. ७ जूनला लेफ्टनंट कर्नल डुइच यांच्या हुकमाखाली ही रेजिमेंट चढून गेली आणि तिने डोंगर घेतला. उघड्या चढणीवर, वरून गोळ्यांचा मारा सुरू असताना, खडकाआडून खडकाआड. तुम्ही डोंगरी युद्धाचं प्रशिक्षण घेतलं आहे, त्या चढणीचा अर्थ माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. डुइच यांना पुढे "फॉन मेलेत्ता" हा किताब मिळाला. शौर्याची ४२ सुवर्णपदकं या एका रेजिमेंटने मिळवली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अख्ख्या फौजेत सर्वाधिक पदकं मिळवणारी रेजिमेंट म्हणून तिचं नाव घेतलं जातं. हाताच्या अंतरावरच्या झुंजीत या माणसांसमोर टिकणं अवघड, असा त्यांचा धाक इटालियन खंदकांत पसरला होता.

मोस्तारच्या चार नंबरवाल्यांची कथा मला मेलेत्तापेक्षाही जवळची वाटते. आज स्लोव्हेनियात असलेल्या रोम्बोन शिखरावर ते बर्फात तळ ठोकून राहिले. खाली दरीत लोग पोड मांगार्तोम नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९१६ साली या शिपायांनी एक मशीद बांधली. आल्प्सच्या कुशीत, चर्चच्या गावात, लहानसा मिनार. आज ती मशीद उरलेली नाही, पण लष्करी स्मशानभूमी आहे, आणि तिथे प्रागच्या लादिस्लाव कोफ्रानेक या शिल्पकाराने केलेले दोन शिपाई रोम्बोनकडे तोंड करून उभे आहेत, त्यातला एक फेझवाला. मुसलमान, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक एकाच आवारात पुरले आहेत. याच रेजिमेंटच्या एका बटालियनने, कॅप्टन एमिल रेड्ल यांच्यासोबत, नोव्हेंबर १९१७ मध्ये कोर्निनोजवळ ताल्यामेंतो नदीचा पूल ओलांडला. इटालियन फौज त्या नदीआड थांबून सावरू पाहत होती, तो बेत या एका मुसंडीने मोडला.

याच वेळी आपली माणसं कुठे होती? पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी त्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली, सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली आणि वाळवंटातून चालवत नेली गेली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत इकडे मेलेत्ता. तुर्क आणि ऑस्ट्रिया मित्रपक्ष, म्हणजे बाईंचे आजोबा आणि तुमचे आजोबा एकाच महायुद्धात परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते. एक व्हिएन्नाच्या सम्राटासाठी, दुसरे लंडनच्या. आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात कॉफी पीत हा हिशोब जुळवला, तेव्हा बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

आबा, आता जे लिहिते ते तुम्हाला कदाचित पटणार नाही. लहानपणी तुम्ही आम्हाला सांगायचात, मराठा जातीचाच लढवय्या, इंग्रजाने उगीच पलटणी काढल्या नाहीत. पलटणींच्या पराक्रमाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते मी इथल्या लोकांना अभिमानाने सांगते. पण "लढवय्या जात" हा शिक्का इंग्रजांच्या हातात होता आणि तो त्यांनी सोयीप्रमाणे मारला आणि पुसला. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सच्या मते मुंबई आणि मद्रासकडची माणसं आता लढण्याच्या कामाची राहिली नव्हती. त्याचा सगळा ओढा पंजाबी, पठाण आणि गुरख्यांकडे. म्हणजे तुमच्या आजोबांच्या आधीच्या पिढीला इंग्रज कमअस्सल समजत होते. मेसोपोटेमियात मराठा पलटणींनी रक्त सांडलं तेव्हा कुठे मत फिरलं.

आणि आपल्याच गावातल्या महार माणसांचं काय झालं ते तर तुमच्या मित्राने, महार रेजिमेंटमधून सुभेदार होऊन निवृत्त झालेल्या काकांनी, आपल्या ओटीवर बसून सांगितलेलं मला आठवतं. १८१८ साली कोरेगावला लढलेली, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेली माणसं, आणि १८९० च्या दशकात एका फटक्यात त्यांची भरती बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केला. १९१७ साली युद्धाला माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडली. १९४१ साली पुन्हा युद्ध, पुन्हा महार रेजिमेंट. या पन्नास वर्षांत त्या माणसांच्या मनगटात काय बदललं होतं? काहीच नाही. म्हणून मला वाटतं की पराक्रम शिपायाचा, पण त्याची ख्याती सरकारच्या दप्तरात लिहिली जाते. पराक्रमापुढे मी मान झुकवते, आणि दप्तरातला शेरा तपासून घेते.

न तपासल्याचा परिणाम बोस्नियाने भोगला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, हिटलरचा उजवा हात असलेल्या हिमलरने बोस्नियाच्या मुसलमानांची एक एसएस डिव्हिजन, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची तुकडी, उभी करायला घेतली. पुढे तिचं नाव हांदशार पडलं. भरतीसाठी त्याने जुन्या सम्राटाच्या रेजिमेंटींची आठवण जागवली. पुन्हा फेझ, पुन्हा इमाम, पुन्हा वेगळी चूल. आजोबांचं नाव सांगून नातवांना फशी पाडलं. बोस्नियात तेव्हा कत्तली चालू होत्या, गावं रक्षणाविना उघडी पडली होती. आपल्या घराचं रक्षण होईल या आशेने काही गेले, काही सक्तीने ओढले गेले. फ्रान्समध्ये व्हिलफ्रांश-द-रुएर्ग या गावी प्रशिक्षण चालू असताना १७ सप्टेंबर १९४३ ला त्यांच्यातल्याच काही जणांनी फेरिद जानिच आणि इतरांच्या पुढाकाराने बंड केलं आणि जर्मन अधिकाऱ्यांना मारलं. बंड त्याच दिवशी चिरडलं गेलं, बंडवाल्यांना गोळ्या घातल्या. त्या फ्रेंच गावाने त्यांची आठवण जपली आहे. पण १९४४ साली हीच डिव्हिजन बोस्नियात परतली तेव्हा तिने सर्ब गावकऱ्यांवर आणि ज्यूंवर अत्याचार केले, आणि हे लपवून चालणार नाही. त्याच वर्षी शेवटी शेकड्यांनी शिपाई पळून नाझींविरुद्ध लढणाऱ्या टिटोच्या गनिमी फौजेला, पार्टिझनांना, जाऊन मिळाले. बाईंनी हा भाग सांगताना एकही शब्द गाळला नाही. १९४१ साली साराजेव्होच्या मुसलमान प्रतिष्ठितांनी सर्ब आणि ज्यूंच्या छळाचा निषेध करणारा जाहीरनामा सही करून काढला होता, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितलं.

पहिल्या महायुद्धानंतरचं सांगायचं राहिलं. साम्राज्य बुडालं आणि बोस्निया सर्बियाच्या राजाखालच्या नव्या राज्यात गेला. सर्बियाच्या बाजूने लढलेल्या स्वयंसेवकांना त्या राज्यात मान आणि जमिनी मिळाल्या. सम्राटासाठी लढलेला शिपाई घरी परतला तो हरलेल्या बाजूचा म्हणून. मेलेत्ता चढून गेलेल्या माणसाने पदक कपाटात ठेवलं आणि नांगर धरला. त्याच्या नावाची स्मारकं ऑस्ट्रियात, स्लोव्हेनियात, इटलीच्या डोंगरात आहेत, आणि त्याच्या स्वतःच्या मुलखात कितीतरी वर्षं कोणी त्याचा विषयही काढला नाही. ग्राझच्या दक्षिणेला लेब्रिंगला बोस्नियन शिपायांची मोठी लष्करी स्मशानभूमी आहे. तिथे आजही दरवर्षी ऑस्ट्रियाचे अधिकारी, पाद्री आणि इमाम एकत्र येऊन फुलं वाहतात. ऑस्ट्रियाने १९१२ साली कायदा करून इस्लामला मान्यता दिली, ती या बोस्नियाच्या प्रजेमुळेच. आता इथे परक्या लोकांबद्दल कडवट बोलणं वाढलं आहे. तेव्हा बाईंसारख्यांना या कबरी फार मोठा आधार वाटतात. "आमचे आजोबा इथे कामाला आले नव्हते, इथे मरायला आले होते," असं त्या म्हणतात. मला मात्र राहून राहून वाटतं, की कोणाच्या आजोबांनी जीव दिला नसता तरी त्यांच्या नातीला इथे मानाने राहता आलं पाहिजे. मी तसं म्हणाले तेव्हा त्यांनी माझा हात धरला, पण मत बदललं नाही.

आपल्या चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी मला तेव्हापासून डोळ्यांसमोर आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला किती जण गेले आणि किती जणांनी प्राण दिले, एवढे दोन आकडे त्यावर आहेत. नाव एकाचंही नाही. लहानपणी त्या पाटीखाली आम्ही गोट्या खेळलो आणि कधी विचारलं नाही की हे कोण. तुमचे आजोबा परत आले म्हणून आपण आहोत. परत न आलेल्यांची घरं कोणती, हे सांगू शकतील अशी माणसं आता गावात दोनचारच उरली असतील.

तर माझी एक विनंती आहे. आजीच्या लोखंडी ट्रंकेत पणजोबांचं चांदीचं पदक आहे, ते बाहेर काढा. त्या काळच्या इंग्रजी पदकांच्या कडेवर, जिथे नाण्याला दाते असतात त्या जागी, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. आपण इतकी वर्षं ते पदक राजाच्या चेहऱ्याच्या बाजूनेच पाहत आलो. मऊ कापडाने कड पुसा, पॉलिश लावू नका, अक्षरं झिजतात. भिंगातून वाचून दादाकडून सगळ्या बाजूंचे फोटो काढून घ्या आणि मला पाठवा. पलटण कळली की ती मेसोपोटेमियात नेमकी कुठे होती हे मी शोधून काढेन. आणि जमल्यास काकांना बरोबर घेऊन महारवाड्यातल्या आणि मराठ्यांच्या दोन्ही आळ्यांत विचारून या की कोणाच्या घरी असं पदक आहे. जेवढी सापडतील तेवढी नावं वहीत उतरवा, हुद्द्यासकट. ग्रामपंचायतीकडे दुसरी पाटी मागायची तर हातात यादी हवी. ग्रामसभेत उभं राहून बोलायचं काम तुमचं, यादी टाइप करून द्यायचं माझं.

दिवाळीनंतर तुम्ही दोघं इकडे यायचं नक्की करा. थंडीच्या आधी आलात तर लोगच्या स्मशानभूमीत जाता येईल, बर्फ पडलं की घाटातून जाणं अवघड होतं. म्हणजे आईचा गुडघा बघून दिवाळीआधीच आलेलं बरं. बाईंनी तुम्हाला आताच आमंत्रण दिलं आहे. त्या मांस खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून तुमचा गुरुवार मी त्यांना आधीच सांगून ठेवला आहे.

आईस व आजीस साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींस नमस्कार, पोरांना गोड पापा. काकांना माझा जय भीम सांगा.

तुमची लेक